नसांचा ठणका आणि निम्म्या मात्रेचा हिशेब

वऱ्हाडात नागीण उठली की आधी गेरू येतो, डॉक्टर नंतर. बरगडीच्या एका बाजूला पाणी भरलेल्या फोडांचा पट्टा दिसला की घरातलं जाणतं माणूस लगेच ओळखतं. कुणी गेरूचा लेप लावतं, कुणी मंतरलेली राख आणतं, आणि सगळ्यांची नजर एकाच गोष्टीवर असते: नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना टेकता कामा नये. टेकलं की माणूस गेला. ते सहसा टेकतच नाही. नागीण ही कांजण्यांच्याच विषाणूची करामत. लहानपणी कांजण्या येऊन गेल्या तरी तो विषाणू अंगाबाहेर जात नाही. पाठीच्या कण्यालगत, नसांच्या मुळाशी असलेल्या गाठींमध्ये दडून राहतो. वय झालं, शुगर वाढली, अंगातली ताकद उतरली की एखाद्या नसेची वाट धरून तो कातडीवर येतो. ती नस पाठीकडून निघते आणि छाती-पोटाच्या मधोमध येऊन संपते. म्हणून पट्टा अर्धाच उठतो. दोन-चार आठवड्यांत फोड आपोआप सुकतात आणि श्रेय गेरूला जातं.

गेरूच्या हाती नसलेली गोष्ट त्यानंतर सुरू होते. खपल्या पडल्या, फिकट डाग राहिले, आणि त्या डागांवर लुगड्याचा काठ घासला तरी जीव कळवळतो. मध्येच वीज चमकल्यासारखी कळ येते, मध्येच आग होते. तीन महिने होतात, सहा होतात. नागीण गेली पण तिचं विष अंगात राहिलं, अशी समजूत घरात पक्की होते. फोड आल्यापासून बहात्तर तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू झालं तर आजाराचा जोर बराच उतरतो. लेप-राखेत जातात ते नेमके हेच तीन दिवस.

रिसोड हे वाशीम जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पिंगळाक्षी देवीचं, सोयाबीनचं, आणि अलीकडे हळदीच्या बाजाराचंही. एका अंगाला हिंगोली जिल्हा लागतो, दुसऱ्या अंगाला बुलढाणा. रेल्वे नाही. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघाला आणि २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. हे नाव कानाला गोड लागतं. अर्थ एवढाच की इथे आरोग्यापासून शिक्षणापर्यंत पुष्कळ व्हायचं राहिलं आहे. मज्जाविकारांच्या तज्ज्ञाला दाखवायचं म्हटलं की अकोल्याची नाहीतर छत्रपती संभाजीनगरची वाट धरायची. रिठद, वाकद, केनवडच्या माणसाचा त्यात एक दिवस आणि एक मजुरी जाते. साहजिकच नसांच्या दुखण्याचा पहिला आणि बहुतेकदा शेवटचा कारभार गावातला डॉक्टर आणि मेडिकलचा काउंटर या दोघांच्यात उरकतो. ‘नसांची गोळी द्या’ असं म्हटलं की स्ट्रिप पुढे येते. त्या स्ट्रिपमध्ये काय असतं आणि काय असायला हवं, याबद्दल हा लेख आहे.

नागीण हे एक कारण. शुगर हे त्याहून कितीतरी मोठं. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि तो आता शहराची मक्तेदारी राहिलेला नाही. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की सर्वांत लांबच्या नसा आधी खराब होतात. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. वऱ्हाडातला माणूस म्हणतो, तळपाय जयतात, म्हणजे जळतात. मुंग्या येतात, झिणझिण्या येतात, रात्री पांघरूण पायाला सहन होत नाही. ओल्या फडक्यात पाय गुंडाळून झोपणारी माणसं खेड्यात कमी नाहीत. आणि याच पायातली चप्पल चालता चालता गळून पडते तेव्हा पत्ता लागत नाही. बधिरपणा आणि आग एकाच जागी नांदतात, हे ऐकणाऱ्याला खोटं वाटतं. घरचे म्हणतात, काटा टोचलेला कळत नाही म्हणता आणि दुखतं म्हणता, हे कसं?

हे कसं, याचं उत्तर कुष्ठरोगाने विदर्भाला फार आधी दाखवलं होतं. दत्तपूर, तपोवन, आनंदवन या कुष्ठधामांची नावं इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. कुष्ठरोग हा मुळात नसांचा आजार. संवेदना जाते, म्हणून हातपाय भाजतात, झिजतात. एवढं सगळ्यांना माहीत. पण उपचार पूर्ण करून ‘बरा झाला’ म्हणून नाव कमी झालेल्या माणसाचा बधिर हातही ठणकू शकतो, याकडे फार उशिरा लक्ष गेलं. डॉ. आर. गणपती यांनी १९७६ साली सुरू केलेल्या बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टच्या रुग्णांवर मुंबईत एक पाहणी झाली, ती २०११ साली प्रसिद्ध झाली. उपचार पूर्ण झालेले १०१ रुग्ण तपासले; त्यातल्या सुमारे २२ टक्के लोकांना नसांच्या जातीची वेदना होती. जंतू मेले होते, कागदोपत्री माणूस मोकळा होता, आणि दर पाचातल्या एकाची रात्र अजून मोकळी नव्हती.

या वेदनेची जातच वेगळी. कुऱ्हाड लागली, गुडघा सुजला, तर दुखापतीच्या जागेहून नस मेंदूला खबर नेते. नस स्वतः धडधाकट असते. डायक्लोफिनॅकसारखी नेहमीची वेदनाशामकं त्या जागेची सूज आणि दाह उतरवतात, खबर थांबते. नसांच्या दुखण्यात खबर नेणारी तारच बिघडलेली असते. कुठे काही झालेलं नसताना ती आपली आपण खबरा पाठवत राहते. पाठीच्या कण्यातल्या पेशी त्या माऱ्याने इतक्या हुळहुळ्या होतात की कापडाचा स्पर्शसुद्धा आग म्हणून वर पोचतो. म्हणूनच डायक्लोफिनॅकची सुई घेऊन दोन तास बरं वाटलं तरी ठणका जागचा हलत नाही. ती रोज घेत राहिल्याने मूत्रपिंडावर मात्र परिणाम होऊ शकतो, आणि शुगरच्या माणसाचं मूत्रपिंड आधीच नाजूक असतं.

मग चालतं काय? गंमत म्हणजे जी औषधं पहिल्या फळीत वापरतात त्यातलं एकही मुळात दुखण्यासाठी बनलेलं नव्हतं. अ‍ॅमिट्रिप्टिलीन १९६१ पासून नैराश्यासाठी वापरात आहे. त्याचीच धाकटी बहीण नॉर्ट्रिप्टिलीन. गॅबापेन्टिनला १९९३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली ती फिटसाठी. नागिणीनंतरच्या वेदनेसाठी २००२ मध्ये. प्रेगॅबालिन आणि ड्युलोक्झेटिन दोन्ही २००४ ची. पहिल्या दोघी मेंदूकडून कण्याकडे खाली येणारा जो वेदना दाबणारा मार्ग आहे, त्याला बळ देतात. ड्युलोक्झेटिनही तेच करतं. गॅबापेन्टिन आणि प्रेगॅबालिन नसांच्या टोकाशी असलेल्या कॅल्शियमच्या दारांना चिकटतात आणि बिघडलेल्या तारेतून पुढे सांडणारं रसायन कमी करतात. एक गट वरून दाब वाढवतो, दुसरा खालून येणारा लोंढा घटवतो.

इथे रिसोडच्या दवाखान्यात एक पेच हमखास पडतो. मुंबईहून आलेला नातू मोबाइलवर औषधाचं नाव टाकतो आणि ओरडतो, आजी, हे तर डिप्रेशनचं औषध आहे! आजीला वेडाचं औषध दिलं म्हणून घरभर रुसवा होतो आणि गोळी बंद. खरं तर नैराश्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलीन ७५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंत देतात. नसांच्या दुखण्यात सुरुवात रात्री १० मिलिग्रॅमने होते. चिठ्ठी देताना डॉक्टरने हे एक वाक्य बोलायला अर्धा मिनिट लागतं. तेवढं बोललं जात नाही, म्हणून उत्तम औषध फुकट जातं.

आता हिशेबाकडे. वऱ्हाडातला म्हातारा माणूस दुखण्यातला उतार अजूनही आण्यांत सांगतो. चार आणे फरक पडला, आठ आणे पडला, बारा आणे बरं वाटते. आणे १९५७ साली चलनातून गेले, दवाखान्यातून गेले नाहीत. जगभरचे संशोधक वेदना शून्य ते दहा अशा पट्टीवर मोजतात आणि निम्मा उतार, म्हणजे आठ आणे, पडला तर औषध लागू पडलं असं धरतात. २०१५ साली तोवरच्या सगळ्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा आकडे आले ते डोळे उघडणारे होते. नुसत्या साखरेच्या गोळीच्या तुलनेत एका जादा माणसाला आठ आणे उतार पडावा यासाठी प्रेगॅबालिन सात-आठ जणांना द्यावं लागतं. अ‍ॅमिट्रिप्टिलीनच्या कुळातलं औषध तीन-चार जणांना. म्हणजे एकट्या औषधाने बहुतेकांचं समाधान होत नाही. ते झालं नाही की डोस वाढतो, आणि डोस वाढला की दुसरी बाजू सुरू होते.

समजा, केनवडच्या बाजूची पासष्टीची एक बाई आहे. बारा वर्षांची शुगर, सोबत बीपी. तळपाय जळतात. तिला प्रेगॅबालिन ७५ सुरू केलं. चार आणे फरक. डोस दुप्पट, मग चौपट. सहा आणे. पण आता दिवसा गुंगी, घोट्यांवर सूज, वजन वाढायला लागलं, आणि पहाटे बाहेर जाताना तोल जाऊन ओसरीवर पडली. तिने गोळ्या बंद केल्या. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे अ‍ॅमिट्रिप्टिलीन. तेही ५० पर्यंत नेलं. झोप लागली, आग उतरली, पण तोंड इतकं कोरडं की भाकरीचा घास गिळता येईना, शौचाला होईना, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. तिच्या जागी प्रोस्टेट वाढलेला म्हातारा असता तर लघवी अडकली असती. तेही बंद. तिच्या लेखी दोन्ही औषधं निकामी. पण उतार दोन्हींनी दिला होता. दोन्हींचा डोस तिच्या अंगाला झेपला नाही, इतकंच.

पुष्कळ औषधांच्या बाबतीत असं असतं की डोसाच्या पहिल्या निम्म्या भागात फायद्याचा मोठा वाटा मिळून जातो आणि उरलेल्या निम्म्यात त्रासाचा. रक्तदाबाच्या औषधांवर हे २००३ मध्ये साडेतीनशेहून अधिक प्रयोग एकत्र करून दाखवलं गेलं: डोस निम्मा केला तरी रक्तदाब उतरण्यात फक्त पाचवा हिस्सा कमी पडतो, आणि दुष्परिणाम मात्र बरेच घटतात. मग वेगवेगळ्या वाटेने काम करणारी दोन औषधं, दोन्ही थोड्या मात्रेत, एकत्र का देऊ नयेत? नसांच्या दुखण्यात हा प्रश्न नीट विचारला तो कॅनडातल्या किंग्स्टन गावच्या क्वीन्स विद्यापीठातल्या डॉ. इयन गिलरॉन यांनी.

त्यांचा पहिला मोठा प्रयोग २००५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. शुगरच्या आणि नागिणीनंतरच्या नसांच्या वेदनेचे ५७ रुग्ण. प्रत्येकाने आळीपाळीने चारही गोष्टी घेतल्या: नुसतं मॉर्फीन, नुसतं गॅबापेन्टिन, दोन्ही एकत्र, आणि फक्त थोडी गुंगी आणणारी खोटी गोळी. कोणत्या महिन्यात काय चालू आहे हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. सुरुवातीची सरासरी वेदना दहापैकी ५.७२. खोट्या गोळीवर ती ४.४९ झाली. म्हणजे साडेतीन आणे उतार तर नुसत्या भरवशाचा. गेरू आणि राखेचं दुकान याच साडेतीन आण्यांवर चालतं. गॅबापेन्टिनवर ४.१५, मॉर्फीनवर ३.७०, आणि दोन्हींवर मिळून ३.०६. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. एकट्याने घेताना अंगाला झेपेल असा गॅबापेन्टिनचा डोस सरासरी २,२०० मिलिग्रॅमच्या आसपास गेला होता. जोडीत तो १,७०० वर थांबला. मॉर्फीनही ४५ वरून ३४ वर आलं. कमी औषध, जास्त उतार. असं असूनही बद्धकोष्ठ आणि तोंडाचा कोरडेपणा सुटला नाही, हे त्याच निबंधात नोंदवलेलं आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तालुक्याच्या गावी मॉर्फीन मिळवणं सोपं नाही आणि वर्षानुवर्षं ते घेत राहावं असंही नाही. आपल्या कामाचा प्रयोग दुसरा. २००९ मध्ये लॅन्सेटने छापलेला. औषधं दोन, दोन्ही आपल्याकडच्या मेडिकलमध्ये मिळणारी: गॅबापेन्टिन आणि नॉर्ट्रिप्टिलीन. रुग्ण ५६, त्यातले ४० शुगरचे, १६ नागिणीचे. सुरुवातीची वेदना ५.४. एकट्या गॅबापेन्टिनवर ३.२, एकट्या नॉर्ट्रिप्टिलीनवर २.९, जोडीवर २.३. आण्यांत मांडायचं तर साडेसहा, साडेसात आणि नऊ. दीड-दोन आण्यांचा हा फरक कागदावर बारीक दिसतो. ज्याची रात्र अडीच वाजता तुटते त्याला विचारावं. आणि इथेही जोडीत दोन्ही औषधांची मात्रा एकेकट्यापेक्षा कमीच लागली.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, मग सगळ्यांना जोडीच द्या. तसं नाही, हे दोन प्रयोगांनी दाखवलं. २०१३ मध्ये ड्युलोक्झेटिन आणि प्रेगॅबालिनची मध्यम मात्रेतली जोडी आणि त्यातल्या एकेकाचा दुप्पट डोस अशी तुलना झाली. मुख्य मोजणीत जोडी ठळकपणे सरस ठरली नाही, जवळपास बरोबरी. नंतर २०२२ साली ब्रिटनमधल्या १३ केंद्रांवर शेफिल्डच्या डॉ. सॉलोमन टेस्फाये यांच्या पुढाकाराने झालेला प्रयोग लॅन्सेटमध्ये आला. १३० मधुमेही. सुरुवात एका औषधाने, सहा आठवडे वाट, उतार पुरेसा नसेल तरच दुसरं जोडायचं. कुणाला आधी अ‍ॅमिट्रिप्टिलीन मग प्रेगॅबालिन, कुणाला उलट, कुणाला ड्युलोक्झेटिन मग प्रेगॅबालिन. सोळा आठवड्यांनी तिन्ही वाटांनी एकाच ठिकाणी पोचवलं: ६.६ वरून ३.३. बरोबर आठ आणे. कोणती वाट धरली याने त्रासाची जात तेवढी बदलली. एकीत चक्कर जास्त, एकीत मळमळ, एकीत तोंड कोरडं. मला या प्रयोगातली सर्वांत मोलाची वाटते ती सहा आठवड्यांची वाट. दुसरं औषध कधी जोडायचं हे तिथे रुग्णाच्या आकड्याने ठरलं.

आणि आता रिसोडच्या काउंटरवर परत. तिथली स्ट्रिपही जोडीचीच असते. प्रेगॅबालिन ७५ आणि मिथाइलकोबालामिन. किंवा गॅबापेन्टिन आणि नॉर्ट्रिप्टिलीन. किंवा प्रेगॅबालिन, नॉर्ट्रिप्टिलीन आणि मिथाइलकोबालामिन तिन्ही मिळून, वर आणखी दोन-तीन जीवनसत्त्वं. वरवर पाहता हे किंग्स्टनचंच काम सोपं करून दिलेलं. एक गोळी, लक्षात ठेवायला सोपी, आणि ज्या रुग्णाची मात्रा त्या गोळीशी नेमकी जुळते त्याला ती सोयीचीही. बाकीच्यांची मात्र पंचाईत. किंग्स्टनमध्ये दोन्ही औषधांची मात्रा स्वतंत्रपणे, आठवड्याआठवड्याने, त्या माणसाला झेपेल तिथवर नेली होती. स्ट्रिपमधली मात्रा कारखान्यात ठरलेली. मसाल्याच्या पुडीत मीठ आधीच कालवलेलं असावं तसं ते आहे. भाजी फिकी लागली म्हणून पुडी वाढवावी तर खारट होते. केनवडच्या त्या बाईला प्रेगॅबालिन वाढवून हवं असेल तर तोंड कोरडं करणारं नॉर्ट्रिप्टिलीनही आपोआप दुप्पट होणार. आणि पायावर सूज आली तर कोणतं औषध कमी करायचं? दोन्ही एकाच गोळीत.

भारतात अशा ठरावीक मिश्रणांचा पूर किती मोठा आहे हे सरकारच्याच कागदांत दिसतं. केंद्राची मंजुरी न घेता राज्यांच्या परवान्यांवर शेकडो मिश्रणं बाजारात आली, यावर संसदेच्या स्थायी समितीने २०१२ मध्ये बोट ठेवलं. मग बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू डॉ. चंद्रकांत कोकाटे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्यांच्या अहवालावरून मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी आली. कंपन्या कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात बंदी उठवली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पुन्हा तपासणीचा आदेश दिला. ती तपासणी केली मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या माजी अधिष्ठाता, औषधशास्त्राच्या तज्ज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या उपसमितीने, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी कायम झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. महाराष्ट्रात डॉ. अनंत फडके आणि जन आरोग्य अभियानाची मंडळी अशास्त्रीय औषधांबद्दल कितीतरी वर्षं हेच सांगत आली आहेत, मराठीत, सोप्या शब्दांत. ऐकणारे कमी पडले.

मिश्रण म्हटलं की वाईटच, असाही अर्थ काढू नये. बहुविध औषधांचा सर्वांत यशस्वी धडा विदर्भातच गिरवला गेला आहे. एकट्या डॅप्सोनला कुष्ठरोगाचे जंतू दाद देईनासे झाले तेव्हा रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र द्यायची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली, आणि देशात ती राबवणाऱ्या पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता. तिथे महिन्याची ठरावीक स्ट्रिप दिली आणि ते बरोबर होतं. मारायचा जंतू सगळ्यांच्या अंगात एकच. नसांच्या ठणक्यात मारायला कुणी नाही. सांभाळायचा आहे तो त्या एका माणसाचा मेंदू, कणा, मूत्रपिंड आणि झोप. तिथे सरसकट मात्रा चालत नाही.

मिथाइलकोबालामिनबद्दल दोन शब्द वेगळे हवेत, कारण रिसोडच्या बाजूला त्याला अर्थ असू शकतो. हे ब-१२ जीवनसत्त्व. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास करत आहेत; त्यांना आढळलं की सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांच्या रक्तात ब-१२ कमी होतं. ते मिळतं दूध-दुभतं आणि मांस-मासळीतून. लोणीच्या सखाराम महाराजांच्या या मुलुखात माळकरी घरं पुष्कळ, आणि घरचं दूध डेअरीला घालून चहापुरतं ठेवायची रीत सगळीकडची. त्यात शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर ब-१२ अंगात मुरणं आणखी कमी होतं. ब-१२ च्या कमतरतेने होणारी तळपायांची आग शुगरच्या आगीसारखीच दिसते. तेव्हा कमतरता असेल तर ते औषधच आहे, नुसती भर नाही. नसेल तर रोजच्या गरजेच्या, म्हणजे दोन-अडीच मायक्रोग्रॅमच्या, सहाशेपट भरलेली गोळी घेऊन खिशाखेरीज कशावरही परिणाम होत नाही. रक्ताची एक तपासणी हा वाद मिटवते. ती न करता दहा वर्षं गोळी चालू असलेली माणसं मात्र सापडतात.

जोडी द्यायची तर कुणाला जपून द्यायची, याची यादी डॉक्टरांना पाठ असते. घरच्यांनाही थोडी ठाऊक असावी. गॅबापेन्टिन आणि प्रेगॅबालिन लघवीवाटे बाहेर पडतात, म्हणून मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन न पाहता डोस चढवणं धोक्याचं. हृदयाचे ठोके अनियमित असतील, काचबिंदू किंवा वाढलेलं प्रोस्टेट असेल तर अ‍ॅमिट्रिप्टिलीनचं कूळ टाळावं लागतं. ट्रामाडोल या वेदनाशामकाची गोळी नैराश्याच्या गटातल्या औषधाबरोबर घेतली तर दोघांचा मेळ अंगावर येऊ शकतो. ट्रामाडोल किंवा मॉर्फीनच्या जोडीला गॅबापेन्टिन-प्रेगॅबालिन दिल्याने श्वास मंदावतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला. संध्याकाळी दारू घेणाऱ्याला हाच इशारा लागू. त्याबद्दल डॉक्टर विचारत नाही आणि रुग्ण सांगत नाही. ब्रिटनने तर एप्रिल २०१९ पासून गॅबापेन्टिन आणि प्रेगॅबालिन नियंत्रित पदार्थांत घातली, कारण काहींना त्यांची चटक लागते. आणि जोडीतली दोन्ही औषधं गुंगी आणणारी असली तर जोडीने गुंगीची बेरीजच होते. फायद्याची बेरीज आणि त्रासाची वजाबाकी हे आपोआप घडत नाही. ज्यांचे त्रास एकमेकांवर पडत नाहीत अशी जोडी निवडावी लागते आणि हळूहळू चढावं लागतं. उतरतानाही हळूहळूच. दोन्ही एकदम बंद केली तर झोप उडते, घाम फुटतो, जीव घाबरा होतो, आणि रुग्णाला वाटतं, दुखणं वाढलं.

पैशाच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट अवघड नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलीन आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि स्वस्त आहे. नॉर्ट्रिप्टिलीन, गॅबापेन्टिन जेनेरिकमध्ये मिळतात. एका औषधाची दहाची गोळी आणि दुसऱ्याची छोट्यातली छोटी कॅप्सूल, वेगवेगळ्या स्ट्रिपमधून, ही चिठ्ठी रंगीत मिश्रणाच्या गोळीहून महाग पडायचं कारण नाही. महाग आहे तो डॉक्टरचा वेळ. दर आठवड्याला किती आणे फरक पडला, झोप किती, तोंड कोरडं का, पडलात का, एवढे चार प्रश्न कुणीतरी विचारायला हवेत. ते फोनवर विचारता येतात. आशाताई विचारू शकतात. त्यांच्या डोक्यावर आधीच किती कामं आहेत ते ठाऊक असूनही लिहितो.

जुन्या, पेटंट संपलेल्या औषधांच्या जोड्यांवर प्रयोग करायला कंपन्या पुढे येत नाहीत, कारण त्यात कमाई नाही. किंग्स्टनचे प्रयोग कॅनडाच्या आणि शेफिल्डचा ब्रिटनच्या सरकारी संशोधन निधीतून झाले. आपल्याकडे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. त्यात वाशीम, हिंगोली, बुलढाणा आणि जालना ही चार आहेत. नकाशा पाहिला तर रिसोड या चौघांच्या मधोमध पडतं. किंग्स्टनला ५६ रुग्ण पुरले होते. दोन जुनी औषधं, एक खोटी गोळी, क्रिएटिनिन आणि ब-१२ च्या तपासण्या, आणि रोज संध्याकाळी दुखण्याचा आकडा लिहून ठेवणारं माणूस एवढी सामग्री लागते. ५० किलोच्या बाईला, सोयाबीनच्या सोंगणीत दिवसभर वाकून काम करणारीला, गॅबापेन्टिनची किती आणि नॉर्ट्रिप्टिलीनची किती मात्रा पुरते, हे सांगणारा आकडा किंग्स्टनहून येणार नाही. त्या चार महाविद्यालयांपैकी कुणी तो काढायला घेतला तर पहिले रुग्ण शोधायला फार लांब जावं लागणार नाही. रिसोडच्या मेडिकलवर ‘नसांची गोळी’ मागायला रोज ते येतातच.